जायला सहा, यायला सोळा

परवा भाचीनं मला फोनवर एक गंमत दाखवली. दोन गावांची नावं टाकायची, की मधलं हवाई अंतर किती आणि विमानाला किती तास लागतात ते पडद्यावर येतं. वर एक चिमुकलं विमान निळ्या रंगावरून सरकत असतं. "मावशी, टाक ना कुठलीही नावं," ती म्हणाली. ती आता पन्नाशीला आली, पण मला अजून लहान मुलीसारखीच खेळवते. मी सोलापूर आणि लंडन टाकलं. उत्तर आलं, पण मला काही ते पटलं नाही. आमच्या घरात या अंतराचा निकाल सत्तरच्या दशकातच लागला होता. जायला सहा तास, यायला सोळा. निकाल माझ्या आईनं दिला होता आणि तिच्या निकालावर अपील चालत नसे.

आईचं माहेर होटगीच्या पलीकडं, आगगाडीनं तासाभराचंसुद्धा नाही. तरी लग्नानंतर पहिली तीन वर्षं तिला तिकडं जायला मिळालं नव्हतं. सासरी कधी कोणाचं आजारपण, कधी पाहुणेरावळे, कधी नुसतंच "आत्ता कशाला?" तिची आई वारली तेव्हा निरोप सकाळीच आला होता. घरात त्या दिवशी बाहेरगावची माणसं जेवायची होती. सगळ्यांची जेवणं, उष्टी-खरकटी आटोपून ती निघाली आणि पोचली तेव्हा तिकडचं सगळं उरकलं होतं. हे तिनं आम्हाला रडून कधी सांगितलं नाही. भाकरी थापता थापता, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगायची.

त्यातूनच तिनं एक नियम करून ठेवला होता. सकाळी भाकरी खाऊन निघालेलं माणूस दिवेलागणीच्या आत जिथं पोचतं, तिथंच आपल्या मुली द्यायच्या. बार्शी चालेल, लातूर चालेल, पुणं कसंबसं चालेल. मुंबई नको. मुंबईला अख्खी रात्र लागते, आणि रात्रीच्या अंधारात आपलं माणूस कुठल्या गावावरनं चाललंय ते कोणाला कळतं, असं तिचं म्हणणं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिरणीच्या ऑफिसात कारकून. ते हसून म्हणायचे, "तू जावई नको शोधूस, एसटीचं वेळापत्रकच शोध."

आणि अशा बाईच्या थोरल्या मुलीला स्थळ आलं ते थेट विलायतेचं.

मुलगा मूळचा बार्शीकडचा, डॉक्टर, लंडनच्या एका इस्पितळात नोकरीला. सुट्टीवर आला होता तेव्हा आक्कानं त्याला पाहिलं होतं. आक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. घरात कोणी काही विचारलं तर "तुम्ही ठरवाल तसं" म्हणायची, पण त्याचा फोटो तिनं आपल्या ट्रंकेत, निळ्या साडीच्या घडीत ठेवला होता. ट्रंक उघडायचं निमित्त तिला दिवसातून तीनदा तरी मिळायचं. मला हे ठाऊक होतं, कारण त्या ट्रंकेवर मी अभ्यासाला बसायची आणि मला तीनदा उठावं लागायचं.

आई काही ऐकेना. लंडन नाही म्हणजे नाही. शेवटी मुलाचे काका स्वतः आमच्या सात रस्त्याजवळच्या बिऱ्हाडी आले. गोड बोलणारा माणूस. आईनं चहाचा कप पुढं ठेवला आणि पदर खोचून सरळ विचारलं, "किती लांब हाय त्ये?"

"लांब कसलं वहिनी! रात्री दोनला मुंबईहून विमानात बसायचं, सकाळी आठला लंडनला उतरायचं. सकाळचा चहा तिथं."

आईनं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. मग पुन्हा मोजली.

"सा तास?"

काका म्हणाले, "आता दोन ते आठ तुम्हीच मोजा की."

"मंजी पुण्याला येष्टीनं लागत्यात तेवढंच की!"

अण्णांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी होती. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, तोंडात सुपारीचं खांड टाकलं आणि तोंड मिटलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जग किती वाजता कुठं असतं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

"मंग माजी हरकत न्हाय," आई म्हणाली. "पयलं बाळतपण मात्र हितंच. सा तास तर हायती."

"म्हणाल तेव्हा येईल वहिनी," काका म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

लग्न झालं, जावई पुढं निघून गेले. आक्काचे कागद व्हायला महिने लागले आणि ती निघाली तेव्हा थंडी पडली होती. अण्णांचं कंबरडं तेव्हा धरलेलं, म्हणून तिला मुंबईपर्यंत पोचवायला आईचा भाऊ, म्हणजे आमचा मामा गावाहून आला. विमान त्यानंही आयुष्यात जवळून पाहिलेलं नव्हतं, पण फेटा मात्र नवा बांधून आला होता. आईनं शेंगांची चटणी तीन पिशव्यांत घालून, सुतळीनं बांधून दिली. कडक भाकऱ्यांची चवड वेगळी. सहा तासांच्या वाटेला एवढी भाकरी कशाला, असं कोणीतरी म्हणालं. आई म्हणाली, "पुण्याला जाताना बी लोक नेत्यात की."

निघताना तिनं आक्काच्या हातावर दही घातलं. आक्का "जाते" म्हणणार तोच आई ओरडली, "येते म्हन!" आक्का "येते" म्हणाली आणि मामानं पिशव्या उचलल्या.

आमच्याकडं घरातलं माणूस गावाला गेलं की ते पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. बायका डोक्यावरून अंघोळ करत नाहीत. केर काढला तर गेलेल्याची पावलं पुसली जातात आणि त्याला परतीची वाट सापडत नाही, असं आई सांगायची. पंढरपूर, बार्शीला गेलेल्या माणसासाठी हे काही अवघड नव्हतं. चार-सहा तासांचा प्रश्न. माणूस पोचलं असेल असा अंदाज आला की आई "पोचलं गं" म्हणायची आणि केरसुणी उचलायची.

आक्काच्या वेळी हिशेब थोडा मोठा होता. मुंबईची गाडी पहिल्या रात्री, विमान दुसऱ्या रात्री. घरात दीड दिवस केरसुणी कोपऱ्यात उभी होती. आक्काच्या बांधाबांधीचे कागद, सुतळीचे तुकडे, शेंगांची फोलपटं, तिनं निघायच्या आधी केस विंचरले त्याची गुंतवळ, वेणीतली शेवंतीची फुलं, सगळं जमिनीवर तसंच. पायाला कचकच लागायची. तिसऱ्या दिवशी सकाळी आई घड्याळासमोर बसून राहिली. आठचे ठोके पडले तशी ती उठली, देवाला हात जोडले, "पोचली गं बाई माजी," म्हणाली आणि केरसुणी घेऊन कामाला लागली. इतकी हलकी ती मला लग्नाच्या आधीपासून दिसली नव्हती. झाडताना गुणगुणतसुद्धा होती.

अण्णा खिडकीपाशी आरसा टेकवून दाढी करत होते. तोंडभर साबण. त्यांना आधी कळलंच नाही. दोन्ही खोल्यांचा केर स्वयंपाकघराच्या दाराशी आला, आईनं तो सुपलीत भरला, आणि अण्णांनी आरशातून ते पाहिलं.

"अगं, अगं, काय करतेस! ती अजून हवेत आहे!"

आई सुपली धरून तशीच उभी राहिली. "हवेत? आट वाजलं की."

"इथं वाजले. तिथं अजून रात्रच आहे."

"मंग सकाळी आटला उतरनार म्हनलं त्ये?"

"तिथल्या आठला," अण्णा म्हणाले. वस्तरा त्यांच्या हातात तसाच होता. "आपल्याकडं तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असेल."

आईचा अंगठा पुन्हा पेरांवरून फिरू लागला. दोन, तीन, चार. दोन बोटांची पेरं संपली. सहाच्या पुढं ती गेली, आठच्या पुढं गेली, आणि अकरावर येऊन थांबली. मग तिनं अण्णांकडं पाहिलं.

"तुमाला ठाऊक हुतं."

अण्णांनी वस्तरा खाली ठेवला. साबण त्यांच्या गालावर वाळत चालला होता.

आता आई ओरडणार, निदान रडणार, असं मला वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती सुपली घेऊन आतल्या खोलीत गेली आणि त्यातला केर मुठीनं उचलून जमिनीवर पसरायला लागली. जिथला केर तिथं. सुतळीचे तुकडे ट्रंकेच्या जागी, फोलपटं खाटेखाली, गुंतवळ आरशाच्या खाली. शेवंतीची फुलं कुठं पडली होती ते तिला आठवेना, तर मला विचारलं. मी आधी हसले. मग ती एकेक फूल निवडून तळहातावर ठेवताना दिसली आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. मी फुलं तिच्या हातातून घेतली आणि आक्का जिथं उभी राहून वेणी घालायची तिथं ठेवली.

शेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब राहायचं, त्यांच्या मागाची खटखट दिवसभर चालायची. त्या घरातली बाई विस्तव मागायला आली आणि दारातच थबकली. शहाणीसुरती बाई घरात केर पसरतेय, हे तिनं पाहिलं. आईनं तिला दोन शब्दांत सांगितलं, पोरगी अजून वाटेत हाय. ती बाई मान हलवून गेली. त्या दिवशी तिनंही दोन्ही घरांच्या सामायिक ओट्याला केरसुणी लावली नाही.

दुपारी दीड वाजला. अण्णा म्हणाले, "उतरली असेल आता."

"असंल म्हनू नका," आई म्हणाली. "तुमच्या असंलवर माजा इस्वास न्हाय."

तार आली ती चार दिवसांनी. तोवर घर तसंच. शाळेतल्या बाई आक्काची चौकशी करायला आल्या, त्यांना सतरंजी झटकून वर बसवलं आणि खाली बघू दिलं नाही. तार वाचल्यावर आईनं घर झाडलं, न्हाली, आणि पुढचे कितीतरी दिवस अण्णांशी माझ्या मार्फतच बोलत राहिली. "तुज्या अण्णाला सांग, पानी तापलंय." अण्णा शेजारीच बसलेले असायचे. मी सांगायची, "अण्णा, पाणी तापलंय." ते म्हणायचे, "बरं म्हणावं." मी दोघांच्या मधली तारखात्याची शिपाई झाले होते.

मामानं मुंबईहून परतल्यावर एवढंच सांगितलं होतं, "इमान लई मोठं हुतं. काचंच्या दारातनं आत गेली. फुडं आमाला जाऊ देत न्हाईत." आईनं त्याला विचारलं, मागं वळून बघितलं का. मामा म्हणाला, गर्दी लई हुती. तो खोटं बोलत नव्हता आणि खरंही सांगत नव्हता, असं मला वाटलं.

आईनं पहिल्याच पत्रात मला एक प्रश्न लिहायला लावला. यायला किती तास लागतात? आक्काचं उत्तर आलं. तिकडून सकाळी दहाला सुटणारं विमान मुंबईला रात्री अडीचला येतं. आईनं पेरं मोजली. एका हाताची बारा भरली, वर साडेचार उरली. अण्णांना तोवर पुन्हा सरळ बोलायची परवानगी मिळाली होती. त्यांनी एक लिंबू घेतलं, कंदील पेटवला आणि आईला पृथ्वी कशी फिरते, आपल्याकडं सूर्य आधी कसा येतो, घड्याळं वेगळी का आणि प्रवास खरं म्हणजे दोन्हीकडून सारखाच कसा, हे समजावलं. चांगलं समजावलं. मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि लिंबू उचलून वरणावर पिळायला नेलं. "जाताना सा, येताना सोळा," ती म्हणाली. वरचा अर्धा तिनं सोडून दिला होता. "त्यात सूर्याचं काय सांगताय? सासरची वाट उताराची आन् म्हायारची चढाची. हितनं होटगी किती लांब हाय? जायाला तीन वर्सं लागली मला."

यावर अण्णांजवळ लिंबू नव्हतं.

आक्काशिवायचं घर मला सोसत नव्हतं, हे आता मोकळेपणानं सांगायला हरकत नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या वेण्या घालायचो. ती गेल्यावर माझी वेणी कायम वाकडी पडायची आणि कॉलेजात मैत्रिणी हसायच्या. आई घालून द्यायला तयार होती, पण मला आक्काचेच हात हवे होते. संध्याकाळी खूप उंचावरून एक विमान आमच्या गच्चीवरून पूर्वेला जायचं. ते हैदराबादचं, असं अण्णा सांगायचे. लंडनशी त्याचा काही संबंध नाही हे आईला ठाऊक होतं आणि मलाही. तरी वाळत घातलेले कपडे काढायला आम्ही दोघी नेमक्या त्याच वेळी गच्चीवर जायचो.

दुसऱ्या वर्षी आक्काला दिवस गेल्याचं पत्र आलं. आईनं त्या दिवशी शेजारपाजारी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू केली. डिंक आणला, अळीव आणले, आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. मामाला निरोप गेला, माळ्यावरचा पाळणा खाली काढून धुऊन ठेव. खाट कुठं टाकायची, वारा कुठून येतो, हे ती रोज नव्यानं ठरवायची. आणि मग आक्काचं पत्र आलं. तिच्या प्रकृतीला इतका लांबचा प्रवास झेपणार नाही, असं तिकडचे डॉक्टर म्हणतात. इस्पितळ चांगलं आहे, हे स्वतः आहेतच, तुम्ही काळजी करू नका.

मी पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं." तिच्या मांडीवर अर्धं शिवलेलं दुपटं होतं. ती टाके घालत राहिली. मग मान वर न करता ती अण्णांना म्हणाली, "अवो, सा तास म्हनून दिली मी तिला."

अण्णा म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर दिली नसतीस."

"न्हाईच दिली नसती."

"आणि तिला जायचं होतं."

आईनं दोरा दातानं तोडला. "त्ये बी मला ठाऊक हुतं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं अण्णांना त्या सहा तासांबद्दल पुन्हा कधी बोल लावला नाही. पुढं माझ्या लग्नाच्या वेळी मात्र तिनं तास विचारलेच नाहीत. चालत किती वेळ लागतो, तेवढंच विचारलं. मी आयुष्यभर सोलापुरात राहिले ती अशी.

दुपटी पार्सलानं गेली. मुलगी झाली. फोटो आले. फोटोतल्या बाळाच्या अंगावर आमचं दुपटं नाही, हे आईनं पाहिलं.

आक्का आली ती चौथ्या वर्षी, संक्रांतीच्या आधी. कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी, अंगात जाड कोट. आम्ही सगळे स्टेशनवर. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघींच्या गालांवरून बोटं मोडली, आणि फलाटावरच, हमाल सामान उचलत असताना, विचारलं, "किती तास लागलं गं यायाला?"

आमच्या घरातला खटला आक्काला कुठून ठाऊक असणार? ती म्हणाली, "विचारू नकोस आई. तेव्हा जाताना कळलंच नव्हतं, डोळा लागला आणि पोचले. या खेपेला मात्र संपता संपेना. दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते."

आईनं वळून अण्णांकडं पाहिलं. "ऐका," ती म्हणाली. "ऐका आता." टांग्यात बसेपर्यंत तिचा चेहरा असा फुलला होता, जणू तिनं सुप्रीम कोर्टात खटला जिंकलाय.

तो महिना कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. सुखाचे दिवस आठवायला गेलं की हाताला फारसं काही लागत नाही. आक्का माझी वेणी घालायची, एवढं आठवतं. मी तेव्हा नोकरी करत होते, ऑफिसला जायची घाई असायची, तरी मी तिच्यापुढं पाट घेऊन बसायचीच. अण्णांनी नातीला गड्ड्याच्या जत्रेत नेऊन लाकडी गाडी आणि पिपाणी आणली. ती पिपाणी वाजवत घरभर चुरमुरे सांडायची. आजीचं मराठी तिला कळायचं नाही आणि तिचं इंग्रजी आजीला. तरी दुपारी दोघी शेजारी झोपायच्या आणि उठल्यावर एकमेकींना काहीतरी लांबलचक सांगायच्या.

शेवटच्या आठवड्यात आक्का जराशी हरवली. जेवताना मध्येच म्हणायची, "तिकडं बर्फ पडला असेल, नळ गोठले नसतील ना?" किल्ली शेजारणीकडं ठेवलीय, तिनं कुंड्यांना पाणी घातलं असेल का. जावई उपाशी तर निजत नसतील. पडदे धुवायचे राहिलेत. हे सगळं ती सहज बोलत होती. आई वाढता वाढता ऐकत होती. एकदा आईनं विचारलं, "नळ गोटला की काय करायचं मंग?" आणि आक्कानं तिला हौसेनं सगळं समजावून सांगितलं, कुठला कॉक फिरवायचा, कुठं गरम फडकं लावायचं. तो नळ आपल्या समोरच आहे असे तिचे हात हलत होते. आई त्या हातांकडं बघत राहिली.

या वेळी मुंबईला अण्णा सोडायला गेले. दही, "येते म्हन", टांगा, सगळं झालं. घरी आम्ही दोघीच उरलो. जमिनीवर चुरमुरे, तिळगुळाचे कण, पतंगाचे कागद, पिपाणीचा तुटलेला तुकडा. केरसुणी कोपऱ्यात होती आणि आम्ही दोघी तिच्याकडं न बघता वावरत होतो. आई चुरमुऱ्यांवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेनं चालायची.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. आता हिशेब पक्का होता. आमचा दीड म्हणजे तिथले आठ. दीड वाजला. मी आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि केरसुणी उचलली.

"थांब की," आई म्हणाली. ती खिडकीपाशी बसली होती. "इमान उतरलं. ती कुटं पोचली अजून?"

"आई, लंडनला पोचली ना."

"तितनं घर लांब हाय. दोन गाड्या बदलाव्या लागत्यात, म्हनाली हुती. पोर झोपंला आली असंल. बर्फ असंल. सामान हाय." ती हळूहळू बोलत होती आणि मधे मधे थांबत होती, वाट बघत बघत चालावं तशी. "आता शेजारनीकडनं किल्ली घेतली असंल. कुलूप उघडलं. आत लई गार असनार. आदी नळ बगंल ती. मंग पोरीला दूद तापवंल. कोट न्हाय काडनार एवड्यात." ती पुन्हा थांबली. बाहेर मागाची खटखट चालू होती. दुपार कलायला लागली होती, उन्हाची तिरीप चुरमुऱ्यांवरून सरकत भिंतीपाशी गेली होती. मी केरसुणी हातात घेऊन उभीच होते.

"आता कोट काडला," आई म्हणाली.

ती उठली, माझ्या हातातून केरसुणी घेतली आणि आतल्या खोलीपासून झाडायला लागली. या वेळी गुणगुण नव्हती. खाटेखालचं, ट्रंकेमागचं, आरशाखालचं, काहीच तिनं सोडलं नाही. सगळा केर दाराशी आणून सुपलीत भरला.

"पोचली," ती म्हणाली. "पोचली तिच्या घरी."

चार वर्षं ती "तिकडं" म्हणत आली होती. तिकडं थंडी, तिकडं आक्का, तिकडचं पत्र. घर हा शब्द तिनं त्या गावाला कधी लावला नव्हता. मला एकदम वाटलं, पुढं होऊन तिच्या हातातली सुपली हिसकावून घ्यावी आणि चुरमुरे, तिळगूळ, पतंगाचे कागद, सगळं मूठमूठ करून परत घरभर पसरावं, जिथलं तिथं.

तोवर आई उंबरा ओलांडून बाहेर गेली होती.